संगिनीची पकड

हिंगोली आज स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें असली, तरी १९९९ सालापर्यंत ती परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. आणि तेथें १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही फौज. तिच्या पलटणींची १९२२ सालीं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. तीच १९४५ पासून कुमाऊं रेजिमेंट या नांवानें ओळखली जाते. या शिपायांच्या बंदुकीच्या टोंकाशीं जी संगीन असे, ती किती घट्ट बसावी, एवढाच प्रश्न आज आम्हीं चर्चेस घेतला आहे. तो वरवर पाहतां लोहाराचा वाटेल. पण त्यावर शिपायाचा प्राण अवलंबून असे.

युरोपांत सतराव्या शतकांत संगिनीची लांकडी मूठच बुचासारखी नळीच्या तोंडांत कोंबीत. बूच बसलें कीं गोळी झाडणें बंद! १६८९ सालीं स्कॉटलंडांत किलिक्रँकी येथें सरकारी शिपाई ही बुचें बसविण्यांत गुंतले असतांनाच डोंगरी लोक तलवारी उपसून त्यांच्यावर येऊन आदळले आणि फौजेची दाणादाण झाली.

मग नळीवर बाहेरून चढणारें पोकळ नळकांडें निघालें. ब्राऊन बेस बंदुकीची संगीन याच जातीची. नळकांड्यास नागमोडी खांच, नळीच्या टोंकाशीं खुंटी. खांच खुंटीवर घालून पिळली कीं झालें. स्प्रिंग नाहीं, कडी नाहीं. ज्या गृहिणींनीं फिरकीचा तांब्या वापरला आहे त्यांस निराळें सांगावयास नको कीं, एका तांब्याचें झांकण दुसऱ्यास क्वचितच लागतें. येथेंही तसेंच. नळ्या हातकामाच्या, म्हणून प्रत्येक संगीन आपापल्या बंदुकीशीं जुळवून घेत व खुणेचे आंकडे कोरीत. अदलाबदल झाली तर एक डुगडुगे आणि दुसरी चढतच नसे.

१८१९ च्या जानेवारींत निजामाच्या अशाच पलटणींनीं नौसाजी नाईकाच्या नव्हा येथील गढीस वेढा घालून ती हल्ला करून घेतली. आंत अरबांची शिबंदी होती. अशा तलवारबहाद्दरानें डाव्या हातानें संगीन पकडून हिसडली आणि ती निखळली, तर शिपायाच्या हातीं नुसता दांडा उरावयाचा!

यावर इंग्लंडांत १८४० नंतरच्या दशकांत लव्हेल नांवाच्या अधिकाऱ्यानें स्प्रिंगचा खटका बसविला. १८५३ च्या एन्फील्डला फिरती कडी आली. पुढें .३०३ ली-एन्फील्डची १९०७ च्या नमुन्याची संगीन निघाली. तिचें पातें १७ इंचांचें. ती नळीस धरीतच नाहीं. बंदुकीच्या पुढील लोखंडी टोपणास धरते, आणि मुठींतील खटका तिला अडकवून ठेवितो. कलकत्त्याजवळील इशापूरच्या कारखान्यांत तयार झालेली संगीनही कोणत्याही तशा रायफलवर चढावी, अशीं मापें ठरलेलीं. पण कोणत्याही रायफलवर चढावयाची म्हणजे किंचित सैल राखणें आलेंच. खंदकांतील चिखल मुठीच्या खांचेंत बसला तर तीही अडे, म्हणून १९१६ सालीं तेथें आरपार भोंक ठेवूं लागले. जुनीं शस्त्रें जमविणारे हौशी लोक अशी संगीन जराशी हालली कीं नाक मुरडतात. तें आम्हांस पटत नाहीं.

संग्रहालयांत मात्र ठासणीची बंदूक व नळकांड्याची संगीन शेजारीं दिसल्यास दोहींवरील आंकडे अवश्य ताडून पाहावे. ते जुळले, तर त्या दोघी एकमेकींसाठींच घांसलेल्या असण्याचा संभव मोठा.