सिताराची चाळिशी

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटी मुंबईत, 1985 साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे एक केंद्र सुरू झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'सितारा' म्हणतात आणि 2025 मध्ये त्याला चाळीस वर्षे पूर्ण झाली. त्याआधी दोन वर्षे, ऑगस्ट 2023 मध्ये, याच संस्थेला एका अनामिक माजी विद्यार्थ्याने हरित ऊर्जा व शाश्वतता या विषयांतील संशोधनासाठी सुमारे 160 कोटी रुपयांची देणगी दिली, तिची बातमी सर्वत्र झळकली आणि नव्या संशोधनकेंद्राच्या विषयांत बॅटऱ्या, सौर विद्युतघट, जैवइंधन, कार्बन शोषण अशी नावे वाचायला मिळाली. यांपैकी कोणताही विषय गैर नाही. मात्र आजची गरज भागवताना उद्याचा साठा शिल्लक राहील असे पाहणे, हा जर शाश्वततेचा अर्थ असेल, तर त्या अर्थाचे काम ज्यांनी कर्जतच्या वाड्यांवर आणि शहापूरच्या पाड्यांवर फिरून केले, त्यांच्या वाट्याला अशी ठळक बातमी कधी आली नाही, हेही या निमित्ताने नोंदवायला हवे.

केंद्राची पहिली वीस-बावीस वर्षे थोडक्यात आटोपता येतात. यंत्र अभियांत्रिकीचे प्रा. अनिल दाते यांच्यासारख्या मोजक्या अध्यापकांनी आपला मूळ विभाग सांभाळून चुली, इंधन आणि शेतीची अवजारे यांवर काम केले. परंतु प्रयोगशाळेत उत्तम जळणारी चूल स्वयंपाकघरात का टिकत नाही, या प्रश्नाचे उत्तर द्यायला जी माणसे आणि जो वेळ लागतो, ते दोन्ही केंद्राकडे नव्हते आणि संस्थेला ते द्यावेसे वाटले नाही.

चित्र बदलले ते 2007 मध्ये, तंत्रज्ञान आणि विकास या विषयातील एम. टेक. अभ्यासक्रम सुरू झाल्यावर. स्थापत्य, यंत्र, कृषी, संगणक अशा भिन्न शाखांचे विद्यार्थी एका वर्गात आले आणि उन्हाळ्यात काही आठवडे खेड्यात मुक्काम करणे हा पदवीचाच भाग ठरला. ज्याला 'पाणीपट्टी' म्हणजे काय हे ठाऊक नाही, अशा परप्रांतीय मुलाला ग्रामपंचायतीच्या थकबाकीच्या वहीतून योजना का बंद पडली हे शोधून काढावे लागे, आणि परतल्यावर सादरीकरणात 'लोकांमध्ये जागृती नाही' असे मोघम वाक्य उच्चारले की विहिरीची खोली, पंपाची अश्वशक्ती आणि वीजबिलाची रक्कम यांची विचारणा होई. याच काळात केंद्राचे प्रमुखपद भूषवलेले प्रा. मिलिंद सोहोनी हे मूळचे सैद्धांतिक संगणकशास्त्रातले. केतन मुळमुळे यांच्यासह त्यांनी 2001 पासून मांडलेला भूमितीय जटिलता सिद्धांत त्या शास्त्रातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एकाला भिडणारा आहे. अशा माणसाने हातपंप मोजावेत याचे संस्थेच्या आवारात अनेकांना नवल वाटे, काहींना ते वाया घालवलेले आयुष्य वाटे, आणि 'हे संशोधन की समाजसेवा?' हा प्रश्न बढतीच्या व निधीच्या चर्चांमध्ये, सौजन्याच्या भाषेत, पुन्हा पुन्हा डोके वर काढी.

त्या प्रश्नाचे उत्तर तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच पडलेले होते. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातील वाड्या-पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. केंद्राच्या विद्यार्थ्यांनी टँकरग्रस्त गावांच्या याद्या घेऊन मागे जायला सुरुवात केली तेव्हा बहुतेक ठिकाणी योजना झालेलीच नव्हती असे आढळले नाही; ती झाली होती, कागदावर पूर्ण होती, आणि मार्चमध्ये मरत होती. नदीकाठी किंवा ओढ्यालगत विहीर, तिच्यावर पंप, टेकाडावर साठवण टाकी आणि तेथून उताराने गावात नळ, अशी एकेका गावाच्या स्वतंत्र योजनेची रचना असते. काळ्या बेसाल्ट खडकात पाणी साठायला जागा थोडी, त्यामुळे पाऊस भरपूर पडूनही विहीर उन्हाळ्यात तळ गाठते. पंपाचे बिल थकले की वीज तुटते. आणि नळ चालू असतानाही टाकीजवळची आळी भरून घेते व शेवटच्या वाडीला दाब उरत नाही.

हा दाबाचा हिशेब मोठा रंजक आहे. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळातून न्यायचे ठरवले तर घर्षणात वाया जाणारा दाब जवळपास तीसपट होतो, आणि व्यास वाढवला तर अंदाजपत्रक फुगते. अनेक गावांच्या प्रादेशिक योजनेत अशा शेकडो तुकड्यांचे व्यास एकाच वेळी ठरवावे लागतात. शाखा अभियंता ते अनुभवाने, बऱ्याचदा घाईने, ठरवत असे. निखिल हूडा आणि प्रा. ओम दामाणी यांनी विकसित केलेली 'जलतंत्र' ही संगणकप्रणाली प्रत्येक गावाला लागणारा किमान दाब सांभाळून सर्वांत स्वस्त जाळे काढून देते. ती खुली आणि फुकट आहे, आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी ती वापरली. उच्च दर्जाचे गणित आणि जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग यांची अशी गाठ देशातील फार थोड्या विद्यापीठांत पडली असेल.

पुढचे पाऊल अधिक महत्त्वाकांक्षी होते. जानेवारी 2016 च्या शासननिर्णयाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू झाले, ज्याची कल्पना अशी की जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्हा प्रशासनासाठी पाणी, ऊर्जा, वाहतूक यांचे अभ्यास करावेत. जिल्ह्याचा प्रश्न जिल्ह्यातल्याच मुलांनी मोजावा, हा विचार साधा होता, आणि नेमका म्हणूनच पेलणे कठीण होते. कार्यालयांना अनेकदा अभ्यास नको होता, 'त्रयस्थ तपासणी'चा शिक्का हवा होता. राज्य सरकारच्या जलसंधारणासाठीच्या जलयुक्त शिवार अभियानात पाच वर्षांत हजारो गावे दुष्काळमुक्त करण्याची घोषणा झाली. भूजल किती साठले आणि कोणत्या पिकाने ते उपसले हे विचारणारा अहवाल तेव्हा कुणाला गैरसोयीचा वाटला असेल तर त्यात आश्चर्य नाही. 2020 मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी सुमारे 9,633 कोटी रुपयांच्या खर्चानंतरही पाण्याची गरज आणि भूजलपातळी यांवर फारसा परिणाम दिसत नसल्याचे म्हटले, तेव्हा ही शंका आधी घेणाऱ्यांचे श्रेय कुणी त्यांना दिले नाही.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे 'पोकरा', जागतिक बँकेच्या साहाय्याने 15 जिल्ह्यांतील सुमारे 5,000 गावांसाठी आखला गेला आणि त्याचा पाण्याचा ताळेबंद केंद्राने बसवला. ताळेबंद म्हणजे रोजच्या पावसातून वाहून गेलेले, मातीत मुरलेले, पिकाने घेतलेले आणि खाली भूजलाला मिळालेले पाणी वेगळे मांडणे. मातीची खोली, पोत आणि उतार यांनुसार ही वाटणी शिवाराशिवाराला बदलते. केंद्राच्या सुवर्णकाळाचा हा कळस होता, आणि उताराची सुरुवातही, असे आता म्हणता येते. गावाच्या बैठकीत वाद घालण्यासाठी केलेले आकडे हळूहळू ॲपमधील भरायच्या रकान्यांत गेले. केंद्राच्याच संशोधनाने दाखवून दिले होते की प्लास्टिक अंथरलेली पुष्कळ शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत नाहीत, ती विहिरी उपसून भरली जातात, म्हणजे सर्वांचे भूजल एकाच्या तळ्यात जमा होऊन उन्हात वाफ होते. अनुदानाची मागणी मात्र तळ्यालाच राहिली, ताळेबंदाला नाही.

केंद्र सरकारच्या जलजीवन अभियानाने 2019 पासून दरडोई रोज 55 लिटर पाणी हे प्रमाण धरले; जुने प्रमाण 40 लिटरचे होते. हजार वस्तीच्या गावाला रोज 40,000 ऐवजी 55,000 लिटर हवेत, त्यासाठी नळ जाड झाले, टाक्या मोठ्या झाल्या आणि घरोघरी तोट्या बसल्या. परंतु जिथे ही सारी उभारणी बेसाल्टमधील त्याच जुन्या विहिरीवर झाली, तिथे मार्चचा हिशेब पूर्वीइतकाच तोकडा राहतो. तो हिशेब कर्जत आणि शहापूरच्या अहवालांत दहा-पंधरा वर्षांपूर्वी मांडून झालेला आहे, आणि तो पुन्हा करायला कोणतीही बॅटरी लागत नाही. उन्हाळ्याचे काही आठवडे गावात राहायला तयार असलेली मुले आणि त्यांचे काम संशोधन म्हणून मोजणारी संस्था लागते.