ट्रकच्या केबिनमधले पाणी

पुणे–हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो. विजयपूर, तुळजापूर आणि सांगली-कोल्हापूर या दिशांचे रस्तेही येथेच येऊन मिळतात. त्यामुळे या शहरातील कोणत्याही सर्वसाधारण दवाखान्याच्या बाकावर ट्रकचालक हमखास बसलेला आढळतो. त्याच्या तक्रारी बऱ्याचशा ठरलेल्या असतात. कमरेतून जांघेकडे उतरणारी कळ, लघवीची आग, मूळव्याध, संध्याकाळी चढणारी डोकेदुखी, पोटऱ्यांत येणारे गोळे. दिवसभरात पाणी किती पिता, असे मी विचारतो. "गाडीवर असल्यावर कुठलं पाणी, डॉक्टर?" हे त्यावरचे नेहमीचे उत्तर.

वाचकहो, आपल्या घरातील वा नात्यातील कोणी लांब पल्ल्याच्या गाडीवर असेल, तर त्याचे हे उत्तर हसण्यावारी नेऊ नका. त्यामागे एक हिशेब आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जाणे नित्याचेच आहे आणि केबिनमध्ये इंजिनाची धग त्यात भर घालते. २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. परंतु रस्त्यावरील बहुतेक गाड्या त्यापूर्वीच्या आहेत. अशा केबिनमध्ये बसणाऱ्याला उन्हाळ्यात दिवसाकाठी पाच लिटर पाणी सहज लागते. एक लिटरची बाटली वीस रुपयांची धरली, तर रोजचे शंभर आणि दहा दिवसांच्या फेरीचे हजार रुपये होतात. ते त्याच्या भत्त्यातून जाणार. मग तो दोन बाटल्यांत दिवस काढतो आणि उरलेली तहान चहावर भागवितो. या माणसाला निष्काळजी म्हणणे मला जमत नाही.

दुसरे कारण बोलायला संकोचाचे आहे. भरलेली अवजड गाडी हवी तेथे उभी करता येत नाही. लघवीसाठी थांबावे लागू नये म्हणून अनेक जण जाणूनबुजून कमी पाणी पितात. पन्नाशीच्या पुढच्या, प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या चालकांत हे अधिक दिसते.

पाणी कमी पडले की मूत्रपिंडे लघवी दाट करतात आणि त्या दाट लघवीत क्षारांचे स्फटिक जमू लागतात. मुतखडा टाळायचा असेल, तर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी पोटात गेले पाहिजे. आपल्याकडे मुतखड्याचा दोष बोअरच्या जड पाण्याला देण्याची रीत आहे. या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात पाणी जड असते हे खरे. तथापि जड पाणी भरपूर पिणाऱ्यापेक्षा गोडे पाणी मोजके पिणाऱ्याला खड्याचा धोका जास्त, असेच मी चालकांना सांगतो.

मुतखड्यापेक्षाही मला अधिक भय वाटते ते वेदनाशामक गोळ्यांचे. दहा-बारा तास स्टिअरिंगवर बसून कंबर धरते, आणि वाटेतल्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली जाते. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच ओढग्रस्त असतो. या गोळ्या तो आणखी आवळतात. एखाद्या वेळी निभावून जाते. उन्हाळाभर रोज असे चालले, तर मूत्रपिंडे कायमची दुखावू शकतात. त्यात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर विचारायलाच नको. कंबरदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये आणि उलट्या-जुलाब होत असताना वा लघवी दाट होत असताना तर मुळीच नको.

आता स्वस्त आणि शुद्ध पाणी मिळवायचे कसे? बाटलीऐवजी वीस लिटरच्या कॅनचा विचार करावा. घरून निघतानाच तो भरलेला असावा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, साठवण करावीच लागते. म्हणून फेरीच्या आदल्या दिवशी आलेले ताजे पाणी गाळून, शक्यतो उकळून थंड करून भरावे. हे काम घरच्यांनी आपल्याकडे घेतले, तर माणूस निदान पहिले तीन-चार दिवस निर्धास्त राहतो. कॅन मात्र खाद्यपदार्थांसाठी बनविलेला, झाकणाचा आणि शक्यतो तोटीचा घ्यावा. नव्या बीएस-६ गाड्यांना युरियाचे द्रावण लागते. त्याचे रिकामे झालेले कॅन धुऊन पिण्याच्या पाण्याला वापरू नयेत. ऑइलचे, बॅटरीच्या पाण्याचे डबेही नकोत. रेडिएटरचा कॅन वेगळा, पिण्याचा वेगळा, आणि दोघांचे रंगही वेगळे असलेले बरे.

वाटेत कॅन पुन्हा भरण्यासाठी मोठ्या गावांत नाणे टाकून पाणी देणारी शुद्धीकरण केंद्रे असतात. तेथे वीस लिटर पाणी बाटलीच्या किमतीहून पुष्कळ स्वस्त पडते. ठाऊक असावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे, पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी विनामूल्य उपलब्ध ठेवणे हे पंपचालकाचे कर्तव्य आहे. डिझेल भरले नाही तरी पाणी मागता येते. नाकारल्यास तक्रार नोंदविता येते. दुकानात बाटली घ्यावीच लागली, तर 'थंड करण्याचे' म्हणून छापील किमतीवर दोन-पाच रुपये अधिक मागणे नियमात बसत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. दोन रुपयांसाठी कोण फोन करतो, असे आपण म्हणाल. पण दहा दिवसांचे ते शंभर रुपये होतात, हे चालकाला चांगले कळते.

पंपावरचे वा ढाब्यावरचे पाणी स्वच्छ दिसले तरी टाकी केव्हा धुतली हे आपल्याला माहीत नसते. कावीळ, विषमज्वर, जुलाब हे सारे अशाच पाण्यातून येतात. म्हणून क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या केबिनमध्ये ठेवाव्यात. मेडिक्लोरसारखी बाटली अल्प किमतीत मिळते. लेबलवर दिलेल्या प्रमाणात पाण्यात टाकून निदान अर्धा तास थांबावे. गढूळ पाणी आधी दुपदरी कापडातून गाळून घ्यावे. मुतखड्याच्या भीतीने पाणी पिणारा माणूस काविळीने अंथरुणाला खिळला, तर काय साधले?

पाणी गरम झाले की पिववत नाही, अशीही तक्रार असते. पूर्वी ट्रकच्या पुढच्या बाजूला कॅनव्हासची छागल टांगलेली दिसे. वाऱ्याने तिचे पाणी गार होई. सोलापूरची हवा कोरडी असल्याने ती युक्ती आजही चालते. कॅनभोवती ओले गोणपाट गुंडाळून तो सावलीत, हवा लागेल अशा जागी घट्ट बांधला की पाणी पिण्याजोगे राहते.

प्यायचे किती, याचे माप लघवीच्या रंगात आहे. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद, चहासारखी असेल तर पाणी कमी पडत आहे. प्रत्येक थांब्यावर, टोलनाक्यावर स्वच्छतागृहाला जाऊन यावे आणि लगेच दोन पेले प्यावेत. म्हणजे लघवीचे गणितही जुळते. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावे; चमचा चहाचा, मीठ मापापेक्षा अधिक नको. मधुमेहींनी साखरेच्या पाण्याबद्दल, तसेच हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याच्या प्रमाणाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. चक्कर येऊन बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, तर गाडी तेथेच थांबवून क्लीनरने चालकाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

केबिनमधील कॅनचे हे सारे नियोजन कारखान्याच्या किंवा गोदामाच्या फाटकापाशी मात्र कोलमडते. माल उतरविण्यासाठी गाड्या तेथे दिवसदिवस रांगेत उभ्या असतात आणि नळ फाटकाच्या आत असतो. आषाढीला पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना हातांत तांब्या देणारा आपला जिल्हा आहे. या रांगेजवळ एक नळ आणि एक स्वच्छतागृह बांधणे त्याला अवघड नाही. आपल्यापैकी जे वाहतूक व्यवसायात आहेत, त्यांनी फेरीच्या खर्चाच्या कागदावर डिझेल आणि टोल यांच्याखाली पाण्याची एक वेगळी ओळ लिहावी आणि ती रक्कम चालकाच्या भत्त्यातून कापू नये.