फवारणीचे विमान उड्डाणाच्या वेळीच का कोसळते?

विमानातून कीटकनाशक टाकण्याचा पहिला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ झाला. कॅटाल्पा झाडांवरील अळ्यांवर शिसे व आर्सेनिकयुक्त भुकटी धुरळण्यात आली. पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत ही पद्धत रुजली. त्याबरोबर अपघातही आले. त्यांतील काही अपघात विमान जमीन सोडतानाच होतात. असे का होते, ते समजून घेऊ.

कारणे

या वेळी टाकी काठोकाठ भरलेली असते. मोठ्या विमानाच्या टाकीत ३,००० लिटरपर्यंत द्रावण मावते, म्हणजे सुमारे तीन टन वजन. शिवाय धावपट्टी बहुधा शेताजवळची, कच्ची व आखूड असते. भुसभुशीत रानातून उसाची भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर जसा दमतो, तसेच येथे घडते.

दुसरे कारण उष्मा. तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. समुद्रसपाटीला ३५ अंश सेल्सिअस तापमानात विमान जणू सुमारे ७०० मीटर उंचीवरून उडत असल्यासारखे वागते.

ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने लहान विमानांसाठी दिलेले ठोकताळे असे :

१) वजन १० टक्के वाढल्यास उड्डाणाचे अंतर २० टक्के वाढते.
२) तापमान १० अंशांनी वाढल्यास अंतर १० टक्के वाढते.
३) कोरड्या गवताच्या पट्टीवर अंतर २० टक्के वाढते.

ही वाढ एकमेकीत गुणली जाते. ५०० मीटर लागणाऱ्या विमानात १० टक्के जादा वजन असेल, तापमान २० अंशांनी जास्त असेल आणि पट्टी गवताची असेल, तर सुमारे ८७० मीटर लागतात. पाठीमागून वारा असल्यास याहूनही जास्त.

आणखी एक फसवी बाब आहे. जमिनीलगत पंखांना हवेचा जादा आधार मिळतो. त्यामुळे विमान उचलले जाते, पण वर चढू शकत नाही. समोर झाडे किंवा विजेच्या तारा दिसताच वैमानिक नाक वर ओढतो, वेग घटतो आणि विमान कोसळते.

बचावाचे उपाय

या विमानांत टाकी काही सेकंदांत रिकामी करणारा दांडा असतो. तो वेळेवर ओढला तर विमान हलके होऊन तरते. १९५९ मध्ये आलेल्या पायपर पॉनी विमानात टाकी वैमानिकाच्या पुढे ठेवली गेली. त्यामुळे आपटल्यावर वैमानिक इंजिन व टाकी यांच्यामध्ये चिरडला जाण्याचा धोका कमी झाला. तरीही खरा उपाय म्हणजे टाकी कमी भरणे, सकाळच्या थंड वेळी आणि वाऱ्याच्या समोर उड्डाण करणे. "एकाच फेरीत उरका" असा आग्रह शेतमालकाने धरू नये.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे आता ड्रोनने फवारणी होते. केंद्रीय कृषी मंत्रालयाने तिची कार्यपद्धती डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केली. ड्रोनलाही जादा वजन व विरळ हवा जड जाते. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१) ठरवून दिलेल्या वजनापेक्षा टाकी जास्त भरू नये. भर दुपारी फवारणी टाळावी.
२) उड्डाणाच्या जागेपासून मुले व जनावरे दूर ठेवावीत.
३) कीटकनाशक नियम, १९७१ नुसार हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी मिळणे आवश्यक आहे. ती मिळाली की नाही, याची खात्री करावी.
४) विमान अथवा ड्रोन पडल्यास वाऱ्याच्या वरच्या बाजूने जावे. बिडी, काडी पेटवू नये.
५) अंगावर औषध सांडलेल्या माणसाचे कपडे काढून त्याला साबण-पाण्याने धुवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचे लेबल डॉक्टरांना दाखवावे.
६) सांडलेले औषध पाण्याने ओढ्यात किंवा विहिरीकडे वाहू देऊ नये. भोवती मातीचा बांध घालावा.

दोन फेऱ्या जास्त झाल्या तर थोडे इंधन व वेळ जाईल. माणूस गेला तर भरपाई होत नाही, हे ध्यानात ठेवावे.