कहकशाँचा फोटो कुणी काढला?

उन्हाळ्यात नेरला आम्ही गच्चीवर झोपतो. रात्री लाईट गेली की आकाशातला पांढुरका पट्टा उठून दिसतो. मराठीत ती आकाशगंगा, उर्दूत कहकशाँ.

वर्गात मी तिचे भोवऱ्यासारखे चित्र दाखवून म्हणालो, "हा आपल्या आकाशगंगेचा फोटो." सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, आपण तर तिच्या आतच आहोत. मग बाहेरून फोटो कुणी काढला?"

"उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. घरी पुस्तके उघडली. मुलगी बरोबर होती. आकाशगंगेबाहेर कोणतेही यान गेलेले नाही. ते चित्र मोजमापांवरून काढलेले आहे.

ही मोजणी कशी होते? ताऱ्यांमधल्या जागेत हायड्रोजन वायू आहे. त्यातून २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी निघतात. १९५१ मध्ये त्या प्रथम पकडल्या गेल्या. दूरचे तारे धुळीआड लपतात, पण या लहरी धुळीतून आरपार येतात. हॉर्न वाजवत एसटी जवळ येताना आवाज चढा वाटतो, दूर जाताना उतरतो. तसेच वायू आपल्याकडे येत असेल तर लहर आखूड होते, दूर जात असेल तर लांबते. त्यावरून वेग कळतो. एकाच दिशेला वेगवेगळे वेग सापडले, तर तिथे एकामागे एक वायूचे पट्टे आहेत. आकाशगंगेच्या फिरण्याचा हिशेब लावला की त्यांचे अंतरही निघते. असे करत हॉलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात सर्पिल भुजांचा नकाशा मांडला.

आपला सूर्य सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने फिरतो, तरी एका फेरीला वीस कोटींहून जास्त वर्षे लागतात. केंद्रापासून लांबचे तारे हळू फिरायला हवेत, पण तेही जवळपास तेवढ्याच वेगाने धावतात. म्हणजे न दिसणारे बरेच द्रव्य त्यांना ओढत असावे. ते काय आहे, हे कोडे अजून सुटलेले नाही.

हायड्रोजनच्या या लहरी ऐकणारी मोठी दुर्बीण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी तिथे प्रदर्शन भरते, शाळकरी मुले आपले प्रयोग मांडतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी चूक कबूल केली. ती मुलगी लगेच म्हणाली, "सर, खोडदला कधी जायचं?"

आता तिच्या अब्बांशी बोलायचे आहे.