पुढील स्टेशन, कंठ!

ठाण्याच्या स्लो लोकलमध्ये बसायला मिळालंच, तर दोन बोटं कंठावर ठेवा आणि अनाउन्समेंटबरोबर पुटपुटत चला. शेजारचा बघेल. बघू द्या.

पुढील : ओठ उघडले की जवळजवळ त्याच क्षणी स्वरतंतू थरथरू लागतात.

भांडुप : ‘भ’साठी ओठ मिटलेले असतानाच आत घुमायला लागतं. शेवटच्या ‘प’ला करकचून ब्रेक.

मुलुंड : ‘म’पासून ‘ड’पर्यंत थरथर चालूच, मधे थांबा नाही. पुरुषाचे तंतू सेकंदाला शंभराच्या वर कंप पावतात, बाईचे साधारण दोनशे.

ठाणे : तळहात तोंडासमोर धरा. जीभ सुटते, हवेचा झोत हाताला लागतो आणि थरथर मागाहून, धावती गाडी पकडल्यासारखी चढते. उशीर सेकंदाच्या काही शतांशांचा, पण तेवढ्यानेच ‘ट’चा ‘ठ’ होतो.

शाळेतलं टाइमटेबल : पार, फार, बार, भार. ओठ तेच, बदलते ती तंतूंची वेळ आणि श्वासाचा जोर. (‘फार’ ओठ मिटून म्हणा, ‘फॅन’सारखं नको!) घोष-अघोष (थरथर आहे की नाही) हा भेद वेदांच्या उच्चारांचे नियम लिहिणाऱ्या प्रातिशाख्यकारांनी नुसत्या निरीक्षणाने मांडला. गायनशिक्षक मॅन्युएल गार्सियाने आरशात स्वतःचे तंतू हलताना पाहिले ते १८५४ मध्ये.

मोजपट्टीवर मराठी : लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिअभ्यासकांनी १९६४ मध्ये थरथर सुरू होण्याची हीच वेळ अकरा भाषांत मोजली. त्यात मराठी होती, तमिळही होती. तमिळ लिपीत प-फ-ब-भ या चौघांना मिळून एकच अक्षर! मुलुंडच्या कितीतरी सोसायट्यांत ही दोन्ही वेळापत्रकं एकाच लिफ्टने वर जातात.

उलटा प्रवास : सीट पकडायला मुलुंडकर आधी ठाण्याला जातो, मग मुंबईकडे परततो. स्वरयंत्राची डावी नसही तशीच. मेंदूकडून येताना गळा ओलांडून छातीत उतरते, महाधमनीखालून वळसा घेते आणि परत वर येते. उजवी अलीकडूनच वळते. तरी दोन्ही तंतू हलतात ते जोडीने.

उत्तर आधीच निघालेलं : वेळेचा हा खेळ संवादातही चालतो. २००९ च्या एका अभ्यासात दहा भाषांतले प्रश्न आणि उत्तरं तपासली. दोन्हींमधलं अंतर सरासरी पाव सेकंदाच्या आतच भरलं. साधं चित्र पाहून त्याचं नाव सांगायला मात्र अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपली जुळवाजुळव चाललेली असते. दारातल्या गर्दीत मागून कुणी ‘मुलुं…’ म्हणेपर्यंत आपलं ‘हो, उतरतोय’ तोंडाशी आलेलं असतं.