थांबणे म्हणजे गिळणे नव्हे

‘अति राग अन् भीक माग’ ही म्हण आपण सर्वांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते. पण राग आल्यावर नेमके करायचे काय, हे ती म्हण सांगत नाही. मानसशास्त्र वाचताना याविषयी जे उमगले, ते थोडक्यात मांडतो.

प्रथम शरीराचे पाहू. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली भय आणि संताप यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. संकट दिसताच ॲड्रिनलिन रक्तात मिसळते, छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठरतात. रानात बिबट्या समोर आला तर ही तयारी प्राण वाचवील. पण एखादा शब्द जिव्हारी लागला तरी शरीर हीच तयारी करते. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे श्वास सावकाश, लांब सोडणे. त्याने हृदयाची गती उतरते आणि विचाराला जागा मिळते.

आता विचाराकडे वळू. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी वाचकांना तिची ओळख कि. मो. फडके यांनी करून दिली. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. या पद्धतीचे मर्म असे की, घटना आणि भावना यांच्यामध्ये आपण घटनेला दिलेला अर्थ उभा असतो.

उदाहरण आपल्याकडचेच घेऊ. दिवाळीनंतर पोशेऱ्याचा एखादा मुलगा आईबापांबरोबर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातो आणि महिन्याभराने वर्गात परततो. सर विचारतात, “इतके दिवस होतास कुठे?” वर्गात कोणी हसते. ‘माझ्या गरिबीची थट्टा केली’ असा अर्थ लावला तर संताप येतो. उलट उत्तर जाते आणि कदाचित शिक्षणच सुटते. ‘सरांना माझी अडचण ठाऊक नसावी’ असा अर्थ लावला तर वाईट वाटेल, पण तास संपल्यावर त्यांच्याशी बोलता येईल. कोणता अर्थ खरा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. थांबायचे ते विचारण्यासाठी. शिवाय रागाच्या तळाशी पुष्कळदा लाज किंवा भीती असते. आपल्या बोहाड्यात मुखवट्यामागे गावातलाच माणूस असतो, तसे.

आपल्या परंपरेतही हे शहाणपण आहे. लोकांनी दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने त्यांची समजूत घातली, असे ताटीच्या अभंगांविषयी सांगतात. अपमान झालाच नाही, असे तिने म्हटले नाही; त्या अपमानाने आपण काय व्हायचे, हे भावाच्या हाती आहे, एवढे तिने दाखवले.

येथे एक शंका रास्त आहे. ‘थांबा, शांत व्हा’ हा उपदेश नेहमी गरिबालाच का? भट्टीवरच्या हिशेबात मजुराचे पैसे कापले गेले, तर तो राग खोटा नाही. अन्याय झाल्याची ती खूण आहे. तेथे राग गिळणे म्हणजे अन्यायाला मुभा देणे. परंतु हात उगारला की मूळ हिशेब बाजूला पडतो आणि भांडणाचीच चर्चा होते. थोडे थांबून घेतलेली उचल, पाडलेल्या विटा, मिळालेली रक्कम कागदावर मांडली, चार सोबती बरोबर घेतले, तर त्याच रागातून दाद मागण्याचे बळ मिळते.

तेव्हा, मित्रहो, राग आला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : प्रत्यक्ष घडले काय? मी त्याचा अर्थ काय लावला? आणि मला हवे आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती आले की मगच तोंड उघडावे. आणि तेव्हा मात्र अवश्य उघडावे.