गोल्फगाडीचा जोर का ओसरतो? वाळवंटाच्या धुळीने शिकवलेला धडा

सौदी अरेबियाच्या ईशान्य भागात, वादी अल बातिन नावाच्या कोरड्या खोऱ्यात, हफ्र अल बातिन हे शहर वसले आहे. 'हफ्र' म्हणजे खणणे. बसऱ्याहून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी सातव्या शतकात येथे विहिरी खणल्या गेल्या, असे सांगतात. उन्हाळ्यात येथे पारा पन्नास अंशांच्या जवळ जातो आणि वाऱ्याबरोबर पिठासारखी बारीक धूळ उडते. १९९१ च्या आखाती युद्धात याच वाळवंटात उतरलेल्या अमेरिकन रणगाड्यांचे एअर फिल्टर पुन्हा पुन्हा झाडावे लागत होते. एवढ्या बलाढ्य यंत्राची ही गत, तर लहानशा इंजिनाची काय कथा!

हे आपल्याला कशाला हवे, असे कोणी विचारील. कारण असे की, ज्या कोकणातून आपले पूर्वज या बेटावर आले, त्याच कोकणातील हजारो तरुण गेल्या अर्धशतकात पोटासाठी आखाती देशांत गेले, आणि त्यांतले कित्येक तिथे गाड्या दुरुस्त करतात. धूळ आणि उष्णता यांनी त्यांना शिकवलेली विद्या आपल्याही उपयोगाची आहे. आपल्याकडे इल ओ सेर्फवर २००३ साली गोल्फचे मैदान झाले. इतर हॉटेलांतही अशा गाड्या धावतात. जुनी झालेली गाडी कोणी शेतावर किंवा बंगल्याच्या आवारात वापरण्यासाठी घेतो, आणि महिन्याभरात ती चढ चढेनाशी होते. मग 'इंजिन गेले' एवढे दोन शब्द ऐकून घरातली शिल्लक खर्ची पडते. पुष्कळदा इंजिन गेलेले नसते.

अमेरिकेत या गाडीला 'गॅसची गाडी' म्हणतात. पण तो गॅस म्हणजे स्वयंपाकाचा नव्हे, आपण ज्याला लेसांस म्हणतो ते पेट्रोल.

पहिला प्रश्न: दोष कुठे?

इंजिन जोरात फिरते पण गाडी मागे राहते, की इंजिनच दमते? या एका प्रश्नाने निम्मे काम होते. या गाडीत हाताने बदलण्याचे गियर नसतात. दोन पुल्या आणि एक रबरी पट्टा इंजिनाचा जोर चाकांकडे नेतात. पट्टा झिजून अरुंद झाला की तो पुलीत खोल बसतो, आणि वेग उतरतो. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी सरकत नाही, तर आधी पट्टा आणि पुल्या पाहाव्यात. मात्र इंजिन चालू असताना तिथे बोट घालू नये.

त्याआधी एक फुकटची परीक्षा आहे. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने ढकलावी. जड जात असेल तर ब्रेक घासत आहेत किंवा टायरात हवा कमी आहे. या दोन्ही गोष्टींचा दोष इंजिनाला देण्यात अर्थ नाही.

हवा, इंधन, ठिणगी

इंजिनच दमत असेल तर एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. तो धुळीने बुजला असेल तर इंजिनाचा श्वास कोंडतो, काळा धूर येतो आणि पेट्रोल जास्त लागते. फिल्टर काढून गाडी चालवण्याचा मोह मात्र टाळावा. ती धूळ सिलिंडरला कानशीसारखी घासते. उष्ण हवा विरळही असते. पंधरा अंशांच्या हवेच्या मानाने पन्नास अंशांच्या हवेत प्राणवायू सुमारे दहा टक्के कमी मिळतो. तेवढा जोर वाळवंटात निरोगी इंजिनही गमावते.

गाडी दहा मिनिटे नीट चालून मग मरगळत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातले हवेचे छिद्र बुजले की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण सैल करताच गाडी सुधारली, तर दोष सापडला. तसे नसेल तर इंधनाचा फिल्टर, टाकीच्या तळाचा गाळ आणि कार्बुरेटर पाहावेत. यांतील बऱ्याच गाड्यांत इंधनाचा पंप इंजिनाच्या आतील दाबाच्या स्पंदनांवर चालतो. ती बारीक रबरी नळी चिरली तरी जोर जातो, आणि ही नळी नेमकी कोणी पाहत नाही.

मग बुजी काढून रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळीने काळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरीफटक असेल तर पेट्रोल कमी. पेडल पूर्ण दाबल्यावर कार्बुरेटरची झडप पूर्ण उघडते का, हेही दुसऱ्या माणसाला पाहायला सांगावे. केबल ताणून सैल पडली की ती अर्धीच उघडते. हे काम करताना जवळ आग किंवा सिगारेट नको, आणि चाकांखाली दगड लावावेत.

शेवटची परीक्षा

एवढे करूनही सुधारणा नसेल, तर सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा आणि तो आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. दाब कमी भरला तरी आधी व्हॉल्व्हचे अंतर तपासावे, कारण ते चुकले तरी दाब उतरतो. दाब कमी, निळा धूर आणि ऑइल संपत जाणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर रिंगा झिजल्या असे समजावे. मोठा खर्च तेव्हाच पत्करावा.

जुनी गाडी घेणाऱ्याने ही परीक्षा पैसे देण्यापूर्वीच करवून घ्यावी. गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, चढावर चालवावी आणि फिल्टर उघडून पाहावा. ज्या धन्याने फिल्टर स्वच्छ ठेवला, त्याने ऑइलही वेळेवर बदलले असण्याचा संभव जास्त. आपल्याकडे वाळवंट नाही, पण ऊसतोडणीच्या हंगामातली धूळ आणि समुद्राची खारी हवा आहेच. स्वस्त तपासणी आधी, महाग दुरुस्ती शेवटी, हा क्रम सांभाळणाऱ्याची शिल्लक घरातच राहते.